दोन ठोके

"बस," फ्रेमवाला म्हणाला.

कुत्रा उभाच.

"बस. अरे, बस ना बाबा."

कुत्र्यानं आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग समोरच्या गवताकडे पाहिलं, आणि तो होता तसाच ढिम्म उभा राहिला. शाळेमागच्या मैदानावर त्या रविवारी सकाळी नऊ कुत्री आली होती. त्यांतली आठ बसली होती. एक तर इतकं गुणी होतं की मालकिणीनं तोंड उघडायच्या आतच बसून मोकळं झालं होतं. आणि ह्या आठ बसलेल्या कुत्र्यांच्या रांगेत फ्रेमवाल्याचा भुश्या एकटा उभा, जणू वर्गावर देखरेख करायला आला होता.

कुत्र्यांचा हा वर्ग चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वयानं फ्रेमवाल्याच्या लेकीएवढ्या असतील, पण आवाजात असा दम की माणसंही सावरून उभी राहत. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही विनंती करताय. आज्ञा द्यायची असते. पोटातून आवाज काढा."

फ्रेमवाल्यानं पोटातून आवाज काढला. "बस!" तो असा काही ओरडला की शेजारचं केसाळ कुत्रं बसलेलं उठून पुन्हा बसलं. भुश्या मात्र जागचा हलला नाही. लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. फ्रेमवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि घाईघाईत त्याच्या तोंडून गेलं, "ऐकायला जरा कमी येतं हो त्याला."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस नको तिथं बोलतो. ताईंनी भुश्याच्या मागे जाऊन हातातली स्टीलची वाटी दगडी पायरीवर सोडली. खण्‌ असा एकच आवाज झाला आणि भुश्या त्याच क्षणी खाली बसला.

"दचकला. कान शाबूत आहेत, काका," ताई म्हणाल्या.

"म्हणजे वाटीचं ऐकतो, यांचं नाही," कोणीतरी म्हणालं, आणि या वेळी ताईसुद्धा हसल्या. फ्रेमवाल्यानं मान खाली घातली. साठीला आलेला माणूस, सबंध पेठेत ज्याच्या शब्दाला मान, तो एका कुत्र्यापायी शाळकरी पोरासारखा खोटं बोलताना पकडला गेला होता.

त्यात भर म्हणजे कुत्रा सारखा त्याच्या डाव्या हाताकडे पाही. बाकीची कुत्री मालकाच्या तोंडाकडे पाहतात, हा हाताकडे. त्या हाताला दोन बोटं नव्हती. फ्रेमवाल्याला वाटे, ह्याला माझं व्यंग तेवढं दिसतं. मग तो हात खिशात घालून टाकी. हात खिशात गेला की भुश्या तोंड फिरवून भलतीकडे बघायला लागे.

त्या दोन बोटांची गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

फ्रेमवाला काही जन्माचा फ्रेमवाला नव्हे. आधी तो आणि त्याचा मोठा भाऊ, दादा, मिळून लाकडाची वखार चालवत. वखारीत मोठी पट्ट्याची करवत होती. ओंडका ढकलायला एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला फळ्या ओढायला हा. करवत सुरू झाली की शेजारच्याचं बोलणंही कानात शिरत नसे. म्हणून दोघांनी ठोक्यांची भाषा ठरवली होती. ओंडका वाहणाऱ्या गाड्याच्या लोखंडी रुळावर पान्याचा एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे इकडे ये. तीन म्हणजे चल, होऊ दे पुढे. लोखंडातून तो ठोका तळपायाला कळायचा. पंधरा वर्षं दोघं भाऊ कामावर ह्या तीन शब्दांवर बोलले आणि कधी चुकामूक झाली नाही.

आणि एका सकाळी झाली. फळी अडकली, ह्याचा डावा हात करवतीकडे ओढला जाऊ लागला, ह्यानं उजव्या हातानं रुळावर एक ठोका मारला. करवत थांबली नाही. थांबली तेव्हा दोन बोटं गेली होती. दादा म्हणाला, मला ऐकूच आलं नाही. हा म्हणाला, तुला ऐकू आलं होतं, तू थांबला नाहीस. दादा रडला, पाया पडायचाच काय तो राहिला, पण ह्यानं आपला हेका सोडला नाही. शब्दाला शब्द वाढला. ह्यानं वखार सोडली, शहराच्या दुसऱ्या टोकाला येऊन तसबिरींना चौकटी करायचं दुकान टाकलं आणि भावाचं नाव घ्यायचं बंद केलं. बायको अधूनमधून म्हणे, "अहो, एकदा जाऊन या ना. मोठे आहेत." हा म्हणे, "त्याला तोंड आहे की. तो बोलू दे आधी." असा अबोला बारा वर्षं चालला.

चार महिन्यांपूर्वी दादा गेला. फ्रेमवाला गेला शेवटचं बघायला, पण उशिरा पोचला, मागे उभा राहिला आणि सगळ्यांच्या आधी निघाला. घशाचं दुखणं होतं एवढं कानावर पडलं. पुढं विचारायचं तोंड त्याला नव्हतं. वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, विचारणार तरी कोणाला, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली.

आठवड्यानं वखारीचा वॉचमन दारात उभा राहिला, हातात दोरी आणि दोरीला हा कुत्रा, लाकडाच्या भुशाच्या रंगाचा. वॉचमनला परतीची गाडी गाठायची होती, तो पाणीसुद्धा न पिता उभ्या उभ्या बोलला. "मालकांनी बजावून ठेवलं होतं, कुत्रा धाकट्याकडेच द्या. बाकी कोणाला जमणार नाही, त्याला जमेल."

फ्रेमवाल्याला हे टोमण्यासारखं लागलं. गेलेला माणूसही आपली परीक्षा पाहतोय असं त्याला वाटलं. पण दोरी त्यानं घेतली. नाही म्हणायला आता भाऊ उरला नव्हता. नाव विचारायचं राहून गेलं म्हणून बायकोनं रंगावरून भुश्या म्हणायला सुरुवात केली, तर त्या नावालाही तो ओ देईना. कुठल्याच नावाला देईना.

घरात त्याचा काही त्रास नव्हता. त्रास जिन्यात होता. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या आई सकाळी काठी टेकत खाली उतरत, आणि भुश्या कुठूनही धावत सुटून थेट त्यांच्या अंगाशी जाऊन उभा राही. हाका मारा, ओरडा, काही उपयोग नाही. एकदा म्हातारी घाबरून पायरीवर बसली, पिशवीतले कांदे तळमजल्यापर्यंत गडगडत गेले. सेक्रेटरी वर आले, पण आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं वाटलं असतं.

"हे बघा, तुमच्याबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले. "पण कुत्रा सांगितलेलं ऐकत नसेल तर बिल्डिंगमध्ये ठेवता येणार नाही. त्या मैदानावरच्या वर्गात महिन्याच्या शेवटी परीक्षा असते म्हणे. तिथला दाखला आणा. नाही आणलात तर दुसरीकडे सोय करा."

"आणतो," फ्रेमवाला म्हणाला. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे दोघांनाही ठाऊक होतं. गावाबाहेर भटक्या कुत्र्यांचा निवारा होता, तिथं ठेवलेल्या कुत्र्याला न्यायला सहसा कोणी येत नसे. भावानं मरताना एक गोष्ट मागितली होती, तीही आपल्याच्यानं होऊ नये, ह्या विचारानं त्याला जेवण जाईना.

असे तीन रविवार वाया गेले. "बस", "थांब", "ये", "चल", चार शब्द. बिस्किटाचे तुकडे देऊन झाले, रागावून झालं, अजिजी करून झाली. तिसऱ्या रविवारी ताई म्हणाल्या, "काका, पुढच्या रविवारी परीक्षा आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण मला खोटा दाखला देता येणार नाही."

"मी मागितला का?" तो म्हणाला. मागायचं त्याच्या मनात आलं होतं, म्हणूनच त्याचा आवाज चढला.

मधल्या बुधवारी बायकोला बहिणीकडे जायचं होतं. कुत्र्याला एकटं घरात ठेवायला नको म्हणून फ्रेमवाल्यानं त्याला पहिल्यांदाच दुकानात नेलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लाकडी पट्ट्यांचे जुडगे, मधोमध मोठं टेबल, काच कापायची जागा वेगळी. त्यानं एका लग्नाच्या फोटोची चौकट कोन जुळवून धरली, तोंडात तीन खिळे धरले आणि कामाला लागला. भुश्या मोकळाच होता. तो दरवाजाकडे निघाला.

फ्रेमवाल्याची खिळा ठोकायची एक रीत होती. खिळा उभा करायला एक ठोका. मग थांबून, चौकट सरळ आहे ना हे डोळा बारीक करून बघायचं. मग तो आत बसवायला दोन ठोके.

टक. भुश्या दरवाजाच्या मधोमध बसला.

टक टक. भुश्या उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याच्या मांडीला नाक लावून उभा राहिला.

"काय रे? जा तिकडे," फ्रेमवाला खिळे तोंडात धरूनच म्हणाला आणि त्यानं कोपरानं त्याला लोटलं. कुत्रा पुन्हा दरवाजाकडे निघाला. दुसरा खिळा. टक. भुश्या बसला. टक टक. भुश्या परत मांडीशी.

फ्रेमवाल्यानं तोंडातला उरलेला खिळा काढून टेबलावर ठेवला. चौकट बाजूला सारली. कुत्र्याला दूर लोटलं, आणि रिकाम्या टेबलावर हातोडीचा एक ठोका दिला. भुश्या बसला. तीन ठोके दिले. भुश्या उठून पुढे चालू लागला, थेट भिंतीपर्यंत. दोन दिले. तो वळला आणि धावत आला, शेपूट हलवत, चार महिन्यांत पहिल्यांदा. आणि त्यानं ह्याच्या डाव्या हाताकडे, मग हातोडी धरलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अखेर कोणीतरी त्याच्याशी बोललं होतं.

हा कुत्रा मठ्ठ नव्हता. सबंध बिल्डिंगमध्ये त्याच्याइतकं आज्ञाधारक कोणी नव्हतं. म्हातारीची काठी पायरीवर दोनदा वाजली की तो बोलावणं आलं म्हणून धावत होता. वाटी पडली तेव्हा तो दचकला नव्हता, त्यानं हुकूम पाळला होता. फ्रेमवाला स्टुलावर बसला. त्याला दुसरंच काही आठवलं होतं. ती गोष्ट त्यानं कोणाला सांगितलेली नव्हती, बायकोलाही नाही.

दोनेक वर्षांमागे रविवारी दुपारी, जेवणं उरकली की घरचा फोन वाजायला लागला होता. पहिल्यांदा बायकोनं उचलला. "कोणी बोलत नाही हो. नुसती टकटक करतंय," ती म्हणाली. ह्यानं घेतला. पलीकडे शांतता, आणि मग लाकडावर काहीतरी आपटल्याचे दोन ठोके. थोडं थांबून पुन्हा दोन.

"राँग नंबर," त्यानं बायकोला सांगितलं.

त्याला कळलं होतं. पहिल्या रविवारी, पहिल्या दोन ठोक्यांतच कळलं होतं. जगात ते ठोके तसे देणारा एकच माणूस होता. पण ह्याच्या डोक्यात राग असा की, बघा, दहा वर्षांनी फोन करतो तोही ऐटीत. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही, नुसता ठोका मारायचा आणि मी वखारीतल्या गड्यासारखं धावत जायचं. पुढच्या रविवारी बायको गच्चीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा त्यानं फोन उचलून सांगितलं, "तोंड नाही का तुला? तोंडानं बोल, मग येतो."

पलीकडे बराच वेळ काहीच आलं नाही. मग पुन्हा दोन ठोके आले, सावकाश. ह्यानं फोन ठेवला. त्यानंतर दर रविवारी तो उचले, ऐके आणि ठेवून देई. बायकोनं विचारलं की राँग नंबर. मग कधीतरी फोन यायचा बंद झाला आणि आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

घशाचं दुखणं.

त्यानं दुकानातूनच वखारीत फोन लावला. वॉचमननं उचलला.

"मी धाकटा बोलतोय. एक विचारायचं होतं. दादा कुत्र्याशी बोलत नसे का?"

"बोलणार कसे, साहेब?" वॉचमन म्हणाला. "ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढली ना त्यांची. दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत नव्हतं?"

वॉचमनला वाटलं लाईन गेली, तो दोनदा हॅलो म्हणाला.

"आहे, आहे. बोला."

"कुत्रा नंतर आणला त्यांनी. डाव्या हातानं टेबलावर पेन्सिल आपटून आपटून सगळं शिकवलं. आम्हाला सांगायचं असलं की पाटीवर लिहायचे. तुम्हाला फोन करायचे ना रविवारी? मी म्हटलं, मालक, द्या इकडे, तुमच्या वतीनं मी बोलतो. तर पाटीवर लिहिलं, नको, त्याला कळतं."

"मग बंद का केले?"

"विचारलं होतं मी. तर लिहिलं, त्याला कामं असतात." मग वॉचमननंच विचारलं, "कळायचं ना तुम्हाला, साहेब? ते फार विश्वासानं सांगायचे."

"कळायचं," फ्रेमवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी दुकानात दुसरं काम झालं नाही. लाज म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असं तो समजत होता. मैदानावर लोक हसले ती लाज वाटली होती. ती काहीच नव्हती, घरी जाऊन पाणी प्यायल्यावर विसरावी इतकी. ही बसल्या जागी वाढत होती. बारा वर्षं त्यानं एकच वाक्य धरून ठेवलं होतं, तुला ऐकू आलं होतं, तू थांबला नाहीस. करवतीच्या आवाजात दादाला खरंच ऐकू आलं नसेल. ह्याला मात्र शांत घरात, जेवण झाल्यावर, कानाला फोन लावून स्वच्छ ऐकू आलं होतं. आणि ज्याला आवाज नाही त्यालाच हा म्हणाला होता, तोंड नाही का तुला.

भुश्या दरवाजात बसून होता. तो तिकडे निघाला असताना फोन टेबलावर ठेवल्याचा एकच ठोका वाजला होता, म्हणून तो उठला नव्हता.

संध्याकाळी बायको परत आली की तिला सांगायचं ठरवून तो घरी गेला, आणि म्हणाला एवढंच की कुत्र्याची खोड सापडली, दादानं ठोक्यांवर शिकवलाय. बायकोला फार आनंद झाला. "बघा, दादांनी विचार करूनच तुमच्याकडे पाठवला," ती म्हणाली, आणि परीक्षेला आपणही येणार म्हणाली. पुढचं सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

रविवारी मैदानावर तो खिशात छोटी हातोडी आणि हातात चौकटीच्या लाकडाचा वीतभर तुकडा घेऊन गेला. सेक्रेटरीही आले होते, सोबत त्यांच्या आई, काठीसकट. भुश्याची पाळी शेवटी होती.

"काका, सुरू करा," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या सुरात फारशी आशा नव्हती.

फ्रेमवाल्यानं तोंड उघडलंच नाही. एक ठोका दिला. भुश्या बसला. तीन दिले, भुश्या निघाला आणि मैदानाच्या पार टोकाला, शाळेच्या भिंतीपर्यंत चालत गेला. तिथं एक ठोका, तो बसला. मध्ये ती सगळी कुत्री, मुलं, जमिनीवर सांडलेली बिस्किटं. मग ह्यानं दोन ठोके दिले, फार जोरात नव्हे. भुश्यानं इकडे-तिकडे पाहिलं नाही, बिस्किटांपाशी थांबला नाही. तो सरळ धावत आला आणि त्याच्या पायाशी उभा राहिला. दोन ठोके आणि कुत्रा आला. एवढी सोपी गोष्ट होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींच्या आईंनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "झालं, प्रश्न मिटला." कोणी पाठीवर थाप मारली, कोणी म्हणालं, आठवड्यात काय शिकवलंत हो, मानलं तुम्हाला. फ्रेमवाल्याला वर पाहवेना. प्रत्येक थापेसरशी तो आणखी वाकत होता.

ताईंनी दाखल्याचा कागद काढला. "कुत्र्याचं नाव, भुश्या. मालक, तुम्ही. शिकवणाऱ्याच्या रकान्यातही तुमचंच नाव घालते ना?"

"द्या इकडे, मी लिहितो," तो म्हणाला. त्यानं हातोडी खिशात घातली, लाकडाचा तुकडा बायकोकडे दिला आणि दादाचं पूर्ण नाव लिहिलं. बारा वर्षांत ते पहिल्यांदाच लिहीत होता.

ताईंनी कागद वळवून वाचला. "हे कोण? आलेत का आज? मला भेटायचंय त्यांना."

"माझा मोठा भाऊ. चार महिन्यांपूर्वी गेला." त्याला तिथंच थांबता आलं असतं, आणि कोणी काही विचारलं नसतं. "दुखण्यात त्याचा आवाज गेला होता. मला फोन करून दोन ठोके द्यायचा, दर रविवारी. ये म्हणून. मला ऐकू यायचं. कळायचंसुद्धा. मी गेलो नाही."

ताईंच्या हातात कागद तसाच राहिला. सेक्रेटरी चपलांकडे बघू लागले.

बायको शेजारीच उभी होती. रविवारचा तो फोन पहिल्यांदा तिनंच उचलला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्याच्या हातातून भुश्याचा पट्टा काढून घेतला आणि ती फाटकाकडे चालू लागली.

भुश्या तिच्याबरोबर जात होता, पण मान मागे वळवून ह्याच्या हाताकडे पाहत होता. हातोडी ह्याच्या खिशात होती. ती बाहेर काढायचा ह्याला धीर झाला नाही.